सबवूफरचा बेस घट्ट कशामुळे होतो?

नीट बसवलेला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, ऐकताना दोन गोष्टी लगेच कळतात. ड्रमवर ठोका पडतो आणि पडल्या जागी संपतो. पुढचा ठोका येईपर्यंत मधली जागा रिकामी असते. आणि बेस गिटारवर खालच्या पट्टीत चार सूर वाजले तर ते चार वेगवेगळे सूर म्हणून ऐकू येतात. बिघडलेल्या बेसमध्ये या दोन्ही गोष्टी हरवतात. ठोक्यामागे शेपूट लांबत राहतं, त्या शेपटावरच पुढचा ठोका येऊन पडतो, आणि बेस गिटारचे सगळे सूर मिळून एकच 'घूंऽऽ' होतो.

असा बेस कानावर आला की बहुतेकांची नजर आधी खोक्याकडे जाते. कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा पडदा, किती इंची, अँप किती वॉटचा, मॅग्नेट केवढं, खोक्याला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करणारी नळी, आहे की तो सील्ड, म्हणजे पूर्ण बंद. या सगळ्याला महत्त्व आहेच, आणि त्याबद्दल खाली लिहिलंही आहे. पण माझं मत आधीच सांगतो: घट्टपणा हा मुख्यतः आवाज थांबण्याचा गुण आहे, आणि आवाजाला थांबू न देण्यात आपली खोली इतकी पुढे असते की बाकीच्या सगळ्या कारणांची बेरीजही तिच्या जवळ पोहोचत नाही. हे आकड्यांनी दाखवता येतं.

आधी 'फास्ट बेस' ही कल्पना बाजूला करू, कारण तिच्यापायी पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. लहान कोन हलका म्हणून चपळ, पंधरा इंची जड म्हणून सुस्त, असं सर्रास म्हटलं जातं. ५० हर्ट्झचा सूर वाजवायचा तर कोनाला सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे व्हावं लागतं, मग तो आठ इंची असो की पंधरा इंची. उलट तेवढाच मोठा आवाज काढायला लहान कोनाला जास्त लांबवर हलावं लागतं, म्हणजे जास्त धावपळ त्याचीच होते. जड कोनामुळे कार्यक्षमता घटते, तेवढ्याच आवाजाला जास्त वॉट लागतात, हे खरं. पण मोटर, म्हणजे मॅग्नेट आणि व्हॉइस कॉइल, त्या वजनाच्या मानाने ताकदीची असेल तर जड कोन काही उशिरा पोहोचत नाही.

शिवाय सबवूफरकडे येणारा सिग्नल साधारण ८० हर्ट्झच्या वर कापलेला असतो. ८० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १२.५ मिलिसेकंद लागतात, ४० हर्ट्झच्या आवर्तनाला २५. एवढ्या सावकाश चढणाऱ्या लहरीत 'टक्' असं काही मावतच नाही. किक ड्रमच्या ठोक्याची जी धार आपल्याला जाणवते ती काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि ती मुख्य स्पीकरमधून येते. सबवूफर त्या ठोक्याला वजन देतो. धार आणि वजन कानाशी एकत्र पोहोचतात का, हा खरा प्रश्न आहे. क्रॉसओव्हरचा, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यात सूर वाटून देणाऱ्या सीमेचा, विषय निघेल तेव्हा त्याकडे परत येऊ.

ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कोन आणि मोटर यांच्या जोडीत, वरच्या बाजूने अडथळा आणणारी एक गोष्ट मात्र आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात: व्हॉइस कॉइलचं इंडक्टन्स. कॉइलमधला प्रवाह बदलायला गेलं की कॉइल त्या बदलाला विरोध करते. जाड, लांब, अनेक थरांच्या कॉइलमध्ये हा विरोध मोठा असतो, त्यामुळे सबवूफरचा वरचा पट्टा, म्हणजे क्रॉसओव्हरच्या आसपासचा भाग, दबतो. त्याहून वाईट म्हणजे कॉइल मॅग्नेटच्या आत गेली की इंडक्टन्स वाढतं आणि बाहेर आली की कमी होतं. खोल सूर वाजत असताना वरचे सूर त्याच्या तालावर गढूळ होत राहतात. चांगले निर्माते मॅग्नेटच्या गाभ्यावर तांब्याची टोपी किंवा ॲल्युमिनियमची कडी बसवून हा चढउतार आटोक्यात ठेवतात. माहितीपत्रकात वॉट मोठ्या अक्षरांत असतात आणि ही कडी कुठेतरी तळाशी एका ओळीत असते. माझ्या मते आधी वाचावी अशी ओळ तीच.

आता थांबण्याकडे वळू. कोनाचं वजन, त्याला धरून ठेवणारं सस्पेन्शन आणि खोक्यात कोंडलेली हवा मिळून वजन आणि स्प्रिंग यांची जोडी तयार होते. अशा जोडीची स्वतःची एक वारंवारता असते. तिथे ती सहज डोलते आणि सिग्नल थांबल्यावरही थोडा वेळ डोलत राहते. यालाच अनुनाद म्हणतात. तिला आवरण्याचं मोठं काम मोटरच करते. कोन हलत राहिला की कॉइल चुंबकीय क्षेत्रातून सरकते, तिच्यात उलटा विद्युतदाब तयार होतो, त्यातून अँपच्या वाटेने प्रवाह वाहतो आणि तो प्रवाह कोनाला ब्रेक लावतो. किती आवरलं गेलं याचं मोजमाप म्हणजे क्यू. सील्ड खोक्याचा क्यू ०.५ असेल तर कोन एकदाही पलीकडे न झुकता जागेवर येतो. ०.७०७ ला थोडासा झोल उरतो, पण प्रतिसाद फुगवटा न येता जास्तीत जास्त खालपर्यंत सपाट राहतो. क्यू १ च्या वर गेला की अनुनादापाशी स्पष्ट फुगवटा येतो. खोका छोटा ठेवून दणका ऐकवायचा असेल तर हा फुगवटा मुद्दाम ठेवला जातो.

खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरण्याची कल्पना एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अकॉस्टिक रिसर्च या कंपनीच्या पहिल्या स्पीकरमधून बाजारात आणली. तोवर कोनाला जागेवर आणण्याचं काम यांत्रिक सस्पेन्शन करत असे. व्हिल्चर यांनी ते मुद्दाम सैल ठेवलं आणि काम हवेवर सोपवलं, कारण कोंडलेली हवा त्या यांत्रिक आधारापेक्षा खूप नियमाने वागते: दुप्पट दाबलं की जवळजवळ दुप्पट ढकलते. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खोका आणि ड्रायव्हर यांचं सगळं नातं गणितात बसवलं. आजही ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल पॅरामीटर असतात ते यामुळेच. खोका किती लिटरचा हवा हे आता अंदाजाचं काम राहिलेलं नाही. आज एखादा सबवूफर मूळचाच घुमरा निघाला तर तो बहुधा कोणीतरी ठरवून तसा केलेला असतो.

पोर्टवाल्या खोक्याला उगाच बदनाम केलं गेलंय, असं मला वाटतं. पोर्टमधली हवा आणि खोक्यातली हवा मिळून दुसरा अनुनाद तयार होतो. त्या वारंवारतेला बहुतेक आवाज पोर्टमधूनच येतो आणि कोन जवळपास स्थिर राहतो. त्यामुळे खालचा आवाज मोठा मिळतो आणि कोनाचे श्रम वाचतात. किंमत अशी की त्या वारंवारतेच्या खाली आवाज एका सप्तकामागे २४ डेसिबलने पडतो; सील्डमध्ये तो १२ डेसिबलने पडतो. उतार जितका तीव्र तितका तिथला आवाज रेंगाळतो. पण तो रेंगाळतो ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्टच्या त्या वारंवारतेच्या, आसपासच. पोर्ट ४० हर्ट्झला ट्यून केलेला असेल तर हा रेंगाळणारा भाग नेमका बेस गिटारच्या खालच्या सुरांवर येऊन बसतो. १८-२० हर्ट्झला ट्यून केलेला असेल तर बहुतेक संगीत त्याच्या वरूनच निघून जातं आणि सील्डशी तुलना करताना कानाला फरक सांगणं अवघड होतं. पोर्ट अरुंद असेल तर मोठ्या आवाजात हवेची फुसफुस ऐकू येते, हा दोष मात्र खरा आणि सहज ओळखता येणारा.

आता ते आकडे. अनुनाद ६० डेसिबलने ओसरायला किती सेकंद लागतात हे काढण्याची रीत सोपी आहे: २.२ ला क्यूने गुणायचं आणि वारंवारतेने भागायचं. ४० हर्ट्झला अनुनाद असलेला, ०.७०७ क्यूचा सील्ड सबवूफर घ्या. उत्तर येतं सुमारे ०.०४ सेकंद. रचना बिघडून क्यू १.२ झाला तरी ०.०७ सेकंदाच्या आतच. आता त्याच ४० हर्ट्झला खोलीचा अनुनाद घ्या. पक्क्या भिंतींच्या, फारसं सामान नसलेल्या खोलीत त्याचा क्यू १६ असणं मुळीच विशेष नाही. उत्तर येतं ०.८८ सेकंद. म्हणजे सबवूफर गप्प होतो, आणि खोली त्याच्या वीसपटींहून जास्त वेळ गात राहते. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद असतो. पहिला ठोका विरायच्या आत दुसरा येतो, त्याच्यावर तिसरा. ०.०४ चे ०.०३ करण्यासाठी नवा सबवूफर घेणाऱ्याला याचा काय उपयोग होणार?

खोली हे कसं करते? परातीत पाणी घेऊन ती जराशी हलवली तर पाणी या काठाकडून त्या काठाकडे हेलकावत राहतं. काठांपाशी ते सर्वांत जास्त वर-खाली होतं, मधोमध जवळजवळ स्थिर असतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमधली हवा अगदी असंच वागते: भिंतींपाशी दाबाचा चढउतार सर्वांत जास्त, मध्यावर शून्याजवळ. कुठल्या वारंवारतेला हे होईल हे भिंतींमधल्या अंतरावर ठरतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याच्या निम्म्याला, म्हणजे १७१.५ ला, अंतराने भागायचं. पाच मीटर लांबीला ३४ हर्ट्झ, चार मीटर रुंदीला ४३, तीन मीटर उंचीला ५७. त्यांच्या दुपटी-तिपटीला पुन्हा, आणि दोन-तीन दिशा मिळून आणखी काही. या अनुनादांना रूम मोड म्हणतात. वरच्या वारंवारतांना ते इतके दाट होतात की एकमेकांत मिसळून जातात आणि वेगळे जाणवत नाहीत. सबवूफरच्या पट्ट्यात मात्र ते विरळ असतात, प्रत्येक जण सुटा उभा, म्हणून खोलीचा हा त्रास बेसमध्येच इतका टोकाला जातो.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी सोडली तर ४१ हर्ट्झला वाजते. त्यापुढचे सूर ४४, ४६, ४९, ५२ असे चढत जातात. चार मीटर रुंदीच्या खोलीत पहिले दोन सूर ४३ च्या मोडवर आपटतात, फुगतात आणि लांबत राहतात. ४९ आणि ५२ त्यामानाने मागे राहतात. वादकाने सगळे सूर सारख्याच जोराने छेडले होते. मोड आणखी एक खोडी करतो: ४१ किंवा ४६ चा सूर थांबला की खोली ओसरताना स्वतःच्या ४३ वर गुणगुणते. सगळे सूर एकाच सुरात विरघळल्यासारखे वाटतात ते यामुळे. अशा वेळी सबवूफर बदलला तरी 'घूंऽऽ' त्याच सुरात येत राहतो.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे: जागा बदलणं. मोडला जिथे दाब जास्त तिथे सबवूफर ठेवला की तो मोड जोरात चेतवला जातो, जिथे दाब शून्य तिथे ठेवला की जवळजवळ चेतवला जात नाही. कोपऱ्यात सगळ्या मोडचा दाब जास्त असतो, म्हणून कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो आणि सर्वांत जास्त घुमतो. बसण्याच्या जागेलाही हाच नियम लागू आहे. पाठ मागच्या भिंतीला टेकवून बसलं की सगळे लांबीचे मोड फुगलेले ऐकू येतात. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर ३४ हर्ट्झ गायबच होतो. खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे केल्याने होणारा फरक अनेकदा दुप्पट किमतीच्या सबवूफरनेही होत नाही.

योग्य जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला ध्वनीचा प्रवास तोच राहतो. म्हणून सबवूफर उचलून बसण्याच्या जागी ठेवायचा, बेस गिटार पायरी-पायरीने वर-खाली जाते असा एखादा तुकडा लावायचा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून ऐकत जायचं. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे वाटतील तिथे सबवूफर मांडायचा. बघणाऱ्याला हे विचित्र दिसतं, पण यामागचं तत्त्व भक्कम आहे.

याहून मोठी झेप म्हणजे एकाऐवजी दोन सबवूफर. हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोलीत किती सबवूफर कुठे ठेवले तर वेगवेगळ्या आसनांवर बेस सर्वांत सारखा येतो, याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चार भिंतींच्या मध्यांवर चार सबवूफर ही मांडणी फार चांगली ठरली, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यांवर दोन ही तिच्या बऱ्याच जवळ गेली, आणि चाराच्या पुढे वाढवण्यात फारसा फायदा दिसला नाही. कारण समजायला अवघड नाही. लांबीच्या पहिल्या मोडमध्ये एका भिंतीपाशी दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीपाशी तो कमी होत असतो. दोन्हीकडून एकाच वेळी ढकललं तर ते ढकलणं एकमेकांना रद्द करतं आणि मोड उठतच नाही. शिवाय दोघंही भिंतीच्या मध्यावर असल्याने रुंदीच्या पहिल्या मोडलाही ते हात लावत नाहीत. म्हणून मी एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम घ्यायला सांगतो. आवाज वाढतो हा वरचा फायदा.

जागा ठरल्यावर मग ईक्यू, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणं. इथे एक भेद पक्का लक्षात ठेवायला हवा: फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. मोडमुळे आलेला फुगवटा आणि त्याचं रेंगाळणं ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. त्या वारंवारतेला, त्याच रुंदीचा आणि त्याच उंचीचा कट दिला की निदान त्या आसनावर शेपूटही तेवढंच आखडतं. अंदाजाने दिलेल्या रुंद कटने हे होत नाही, जुळणी नेमकी लागते. खड्ड्याची गोष्ट वेगळी. सबवूफरचा थेट आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांना रद्द करतात तिथे खड्डा पडतो. सिग्नल वाढवला की परतणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि खड्डा जागच्या जागी राहतो. १० डेसिबल वाढवणं म्हणजे दहापट वॉट. अँप आणि कोन त्यात दमतात आणि हाती काहीच लागत नाही.

भिंतीला चिकटवलेल्या फोमबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण लोक प्रामाणिकपणे पैसे खर्च करतात. सच्छिद्र पदार्थ हवेची हालचाल अडवून ध्वनी शोषतो, आणि भिंतीपासून ती हालचाल सर्वांत जास्त असते तरंगलांबीच्या एक चतुर्थांशावर. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर, तिचा चौथा भाग दोन मीटरच्या वर. पाच सेंटीमीटर फोमला ती लाट जाणवतही नाही. फोमने वरचे आवाज मात्र शोषले जातात, म्हणून खोली आणखी बेसाळ वाटू लागते. बेससाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूट-दोन फूट जाडीचे थर लागतात, किंवा ठरावीक वारंवारतेला डोलणारे पातळ पडद्यांचे शोषक. जागा असेल तर हा उपाय उत्तमच, कारण तो खोलीतल्या प्रत्येक आसनाला लागू होतो.

खोली मार्गी लागली की मग सबवूफरची स्वतःची अचूकता ऐकू यायला लागते, आणि तिथे सर्वांत मोठा शत्रू डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये नसलेले सूर मिसळणं. आपला कान खालच्या सुरांना कमालीचा बहिरा आहे. १००० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी दोन-तीन डेसिबल पुरतात. ४० हर्ट्झला सुमारे ५० लागतात आणि २० हर्ट्झला ८० च्या जवळपास. याचा परिणाम असा की २० हर्ट्झचा सूर १०० डेसिबलवर वाजत असताना सबवूफरने त्यात फक्त १० टक्के दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा ४० हर्ट्झचा सूर, मिसळला तर तो ८० डेसिबलचा असतो आणि कानाला जवळपास मूळ सुराइतकाच मोठा लागतो. आपण समजतो खोल बेस ऐकतोय. प्रत्यक्षात ऐकतो ती सबवूफरची धाप. हेच हार्मोनिक वर शंभर-दीडशे हर्ट्झपर्यंत चढले की आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतोय हेही कळायला लागतं.

डिस्टॉर्शन येतं कारण कोनाला झेपत नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. ४० हर्ट्झला तीन मिलिमीटर पुरत असतील तर २० ला बारा. कॉइल मॅग्नेटच्या फटीतून बाहेर पडू लागते, सस्पेन्शन ताणलं जातं, आणि सूर कापल्यासारखा चपटा होतो. म्हणून मोठा कोन आणि लांब चाल यांचा उपयोग भिंती हादरवण्यापेक्षा मध्यम आवाजात निवांत राहण्यासाठी जास्त आहे. काही निर्माते कोनावर संवेदक बसवून त्याची प्रत्यक्ष हालचाल मोजतात आणि सिग्नलशी ताडून अँपला दुरुस्ती करायला लावतात; याला सर्व्हो म्हणतात. फिलिप्सने १९७० च्या दशकात असे स्पीकर विकले आणि पुढे व्हेलोडाइनने सबवूफरमध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. डिस्टॉर्शन त्याने खरंच कमी होतं. पण चाल संपलेल्या कोनाला सर्व्होही पुढे नेऊ शकत नाही.

अँपच्या डॅम्पिंग फॅक्टरबद्दल, म्हणजे स्पीकरचा रोध अँपच्या आतल्या रोधाच्या किती पट आहे त्या आकड्याबद्दल, थोडक्यात. ५० आणि ५०० यांत दहापट फरक दिसतो, पण ८ ओहमच्या ड्रायव्हरमध्ये ब्रेकच्या वाटेवर कॉइलचाच सुमारे ६ ओहम रोध बसलेला असतो. अँपचे ०.१६ किंवा ०.०१६ ओहम त्यात मिळवले तर एकूण फरक अडीच टक्क्यांच्या आत. याउलट जोरात वाजवून कॉइल १०० अंशांनी तापली की तांब्याचा रोध जवळपास ४० टक्के वाढतो, ब्रेक सैल पडतो आणि आवाजही दबतो. तेव्हा लक्ष द्यायचं तर कॉइलच्या जाडीकडे आणि तिला थंड ठेवण्याच्या व्यवस्थेकडे द्यावं.

आता धार आणि वजन एकत्र पोहोचण्याचा प्रश्न. ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरपाशी सबवूफर आणि मुख्य स्पीकर दोघंही वाजत असतात. त्यांच्यात ६ मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे दोन मीटरचा फरक पडला तर एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि नेमका किक ड्रमचा गाभा पोकळ होतो. ऐकणारा म्हणतो 'सब मागे पडतोय'. सबवूफरमधल्या डीएसपीलाही, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या चिपलाही, काही मिलिसेकंद लागतात, म्हणून ऑटो सेटअपनंतर रिसीव्हर सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो. तो आकडा चूक समजून टेपने मोजून 'सुधारू' नये. हाताने जुळवायचं असेल तर क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा सूर दोन्हींमधून वाजवायचा आणि बसल्या जागी आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत सबवूफरची फेज (लाट वर-खाली होण्याची वेळ) किंवा डिले (आवाजाला दिलेला उशीर) फिरवायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक चकित करणारा असतो. फेज जुळली की सबवूफरची लेव्हल बहुतेक वेळा खाली आणावीशी वाटते, कारण ती आधी तो पोकळपणा भरण्यासाठी चढवलेली असते. अवश्य खाली आणा. वाढीव लेव्हलमुळे प्रत्येक शेपूट तेवढंच जास्त वेळ ऐकू येत राहतं.

हे सगळं कानाने होतं, पण मोजमापाने लवकर होतं. रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्याला यूएसबीचा कॅलिब्रेटेड माइक पुरतो. त्यातला वॉटरफॉल आलेख सर्वांत आधी उघडा. साध्या आलेखात फक्त उंची दिसते, यात प्रत्येक वारंवारता किती वेळ रेंगाळते तेही दिसतं, आणि खोलीचे मोड लांबच लांब कड्यांसारखे पुढे आलेले दिसतात. मोजणीचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर, वाजत असताना कानही उघडे ठेवा: कपाटाचं दार, फोटोफ्रेम, खिडकीची काच यांची किरकिर अनेकदा सबवूफरच्या माथी मारली जाते.

एक गोष्ट मात्र आलेखात दिसत नाही: रेकॉर्डिंगमध्ये मुळात काय आहे. १९८० मध्ये आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशिनचा किक मुद्दाम लांब वाजवता येतो, आणि तसा तो असंख्य गाण्यांत वापरला गेला आहे. अचूक सबवूफरने तो पूर्ण लांबीने वाजवायला हवा. त्याला आखडून घेणारा सबवूफर घट्ट वाटेल, पण तो खरं सांगत नाही. हे तपासायला हेडफोन फार उपयोगी, कारण त्यात खोली नसते. एक लांब ८०८ आणि एक कोरडा, आखूड किक असे दोन तुकडे आधी हेडफोनवर ऐकायचे, मग लगेच सबवूफरवर. हेडफोनवर दोघांच्या लांबीत जेवढा फरक होता तेवढाच खोलीत राहिला तर काम झालं. दोन्ही सारखेच लांब वाटले तर खोली अजून बोलते आहे. दोन्ही आखूड वाटले तर बहुधा फेज चुकली आहे किंवा ईक्यूने गरजेपेक्षा जास्त कापलं आहे; तेव्हा ईक्यू बंद करून फेजपासून पुन्हा सुरुवात करायची.